आजी गेली, आता तिचं सांगणार कोण?

रानातनं आला असाल, चूल पेटवायची असेल, तरी थोडा वेळ बसा. आज आजीबद्दल बोलायचं आहे.

गटाच्या बैठकीला एखादी बाई आली नाही की आपण विचारतो, का गं आली नाही? मग कळतं, तिची आजी गेली. आपण भेटायला जातो. दहावा होतो, तेरावा होतो. भिंतीवर फोटो लागतो, त्याला हार चढतो. वर्षश्राद्धाला पुन्हा सगळे जमतात आणि म्हणतात, "लई कष्ट केले हो म्हातारीनं." कसले कष्ट केले, ते मात्र कुणी सांगत नाही, कारण सांगणारीच गेलेली असते.

तुम्हांला एक विचारते. मनातल्या मनात उत्तर द्या. तुमच्या आजीचं माहेरचं नाव काय होतं? तिच्या आईचं नाव काय? पणजोबांचं नाव सातबाऱ्याच्या जुन्या उताऱ्यावर सापडेल. पणजीचं कुठं सापडेल?

आज मी दोन आज्यांची गोष्ट सांगणार आहे. एक आजी २३ सप्टेंबर २०२१ रोजी गेली, वयाच्या ९५ व्या वर्षी. त्या म्हणजे हौसाताई पाटील. क्रांतिसिंह नाना पाटलांची लेक. विट्याकडच्या बायांनी त्यांना पाहिलंही असेल. दुसरी आजी म्हणजे ज्या आजीच्या घरात हौसाताई लहानाच्या मोठ्या झाल्या ती. हौसाताई तिला आजी म्हणत, आपणही आजीच म्हणू. ती आपल्याला कळली ती केवळ नातीनं सांगितलं म्हणून.

वाळवा तालुक्यात येडे मच्छिंद्र गाव आहे. आता तो सांगली जिल्हा. त्या काळी सांगली जिल्हा असा नव्हताच, सगळा एकच सातारा होता. १९४९ साली त्यातून दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळालं. म्हणून स्वातंत्र्याच्या लढ्यात 'सातारा' म्हटलं की त्यात कराड-पाटण-खटाव आलं, तसं वाळवा-तासगाव-खानापूरही आलं.

या गावचे नाना पाटील. जन्म १९०० चा. तलाठ्याची नोकरी होती. १९३० च्या सुमाराला कायदेभंगाची चळवळ सुरू झाली आणि त्यांनी ती नोकरी सोडून दिली. तलाठी म्हणजे त्या काळी गावात केवढं वजन! ते सगळं सोडून माणूस गावोगाव भाषणं करत फिरायला लागला. त्याच्या आधीच, १९२९ साली, त्यांची बायको वारली होती. हौसा तेव्हा तीन वर्षांची होती. आई नाही आणि बाप चळवळीत, अशी ती पोर आजीच्या पदराला आली.

पुढं नाना भूमिगत झाले. त्यांच्या नावानं वॉरंट निघालं. माणूस हाताला लागेना, तेव्हा सरकारनं त्याचं घर धरलं. हौसाताईंनी म्हातारपणी तो दिवस सांगून ठेवला आहे. चुलीवर भाकरी होती, वांगी शिजत होती, आणि सरकारी माणसं घराला सील ठोकायला आली. सगळं घर बंद केलं आणि राहायला एक खोली ठेवली. त्या एका खोलीत आजी, हौसा आणि घरातली बाकीची सगळी माणसं.

बघा मैत्रिणींनो, इतिहासाच्या पुस्तकात असतं की "मालमत्ता जप्त करण्यात आली." चार शब्द. पण जप्ती आली तेव्हा चुलीवर काय होतं, ते कुठल्याच सरकारी कागदात नसतं. ते त्या घरातल्या पोरीलाच माहीत असतं. तिनं सत्तर-ऐंशी वर्षं ते लक्षात ठेवलं.

शेत लिलावाला काढलं. सकाळ-संध्याकाळ गावात दवंडी फिरायची, नाना पाटलाच्या शेताचा लिलाव आहे. पण बोली लावायला कुणी पुढं येईना. लोक म्हणायचे, नानानं कुणाचा खून केला नाही, कुणाच्या घरावर दरोडा घातला नाही, आपण त्याची जमीन का घ्यायची? ही झाली गावाची चांगली बाजू, आणि ती आवर्जून सांगायला हवी.

पण हौसाताईंनी दुसरी बाजूही लपवली नाही. शेत कुणी घेतलं नाही, तसं यांनाही ते कसता येईना. मग दुसऱ्याच्या रानात रोजगाराला जायचं म्हटलं, तर कामावर घ्यायला लोक घाबरायचे. पाटलाच्या घरच्या बाईला काम दिलं आणि सरकारचा डोळा आपल्यावर आला तर? गावात कुणी बोलेना. दुकानदार मीठसुद्धा देईना, म्हणायचा, दुसरीकडनं आणा. ज्या गावात लेकाच्या भाषणाला गर्दी जमत असेल, त्याच गावात आजीला मीठ मिळत नव्हतं.

आता ही आजी काय करते ते ऐका. रानात जाऊन जे काही उकरून, वेचून मिळेल ते आणते. दुसऱ्याच्या घरी कुणी न बोलावताही धान्य कांडायला जायचं, म्हणजे रात्रीच्या जेवणाला काहीतरी हाताला लागेल. उंबराची फळं आणायची आणि त्याचं कालवण करायचं. शेवटी हौसाच्या मामानं एक बैलजोडी आणि गाडी दिली. मग ती गाडी भाड्यानं द्यायला सुरुवात झाली. गूळ, भुईमूग, जोंधळा वाहून न्यायचा. ताकारीपर्यंत गाडी गेली तर तीन रुपये. कराडला गेली तर पाच रुपये. पोटाआधी बैलांना वैरण, कारण बैल जगले तर घर जगणार. बैलांचं सगळं घरातल्या बायाच करायच्या.

आपण बचत गटातल्या बाया. हा हिशोब आपल्याला लगेच कळतो. एक खोली, एक बैलजोडी, तीन आणि पाच रुपयांचं भाडं, आणि खाणारी तोंडं कितीतरी. यावर त्या घरानं दिवस काढले. नाना पाटील भूमिगत राहिले असं आपण अभिमानानं सांगतो, आणि तो अभिमान खरा आहे. पण एक माणूस जमिनीखाली राहायचा तर दुसऱ्या कुणाला तरी जमिनीवर उभं राहून दवंडी ऐकावी लागते, सील बघावं लागतं, मिठाला नाही म्हटलेलं ऐकून घ्यावं लागतं. ते काम आजीनं केलं. आजी फुटली असती, "माझ्या घराचं वाटोळं झालं, ये बाबा परत आणि हजर हो," असा निरोप तिनं पाठवला असता, तर पुढची गोष्ट कदाचित वेगळी झाली असती.

पुढची गोष्ट आपल्याला माहीत आहे. १९४२ साल. ऑगस्टच्या २४ तारखेला कराडच्या कचेरीवर मोर्चा गेला. सप्टेंबरच्या ३ तारखेला तासगावला गेला. ९ सप्टेंबरला वडूजला गेला, तिथं गोळीबार झाला आणि परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मा झाले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपूरलाही गोळ्या चालल्या. त्यानंतर लोकांनी मोर्चाचा रस्ता सोडून दुसरा रस्ता धरला. १९४३ पासून १९४६ पर्यंत इथल्या कितीतरी गावांत प्रतिसरकार चाललं. नाना पाटील, कुंडलचे जी. डी. बापू लाड, वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी असे त्याचे पुढारी. न्यायदान मंडळं गावातलेच तंटे गावातच मिटवायची. सावकार, गुंड, दारूवाले यांना धाक बसला. थोड्या खर्चात लग्नं लागायची, त्यांना लोक गांधी लग्न म्हणायचे. तुफान सेना होती. जून १९४३ मध्ये शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी रेल्वे अडवून सरकारी पैसा घेतला, तो चळवळीसाठी.

या सगळ्यात बाया कुठं होत्या? हौसाताई स्वतःच त्यांच्यात होत्या. त्यांच्या तोंडी लीलाताई पाटील, लक्ष्मीबाई नायकवडी, राजमती पाटील अशी आणखीही नावं येत. डाकबंगल्यावर पोलीस किती, कधी येतात, कधी जातात, ही बातमी काढायचं काम हौसाताईंकडं असे. वांगीचा डाकबंगला जाळला गेला त्याच्या आधीही अशीच बातमी काढावी लागली होती. बाई डोक्यावर पाटी घेऊन चालली तर पोलीस तिच्याकडं बघत नाही. ही गोष्ट या बायांनी बरोबर ओळखली होती.

भवानीनगरच्या पोलीस ठाण्याची गोष्ट तर मोठी गमतीची आणि तितकीच धाडसाची आहे. १९४३ साल. हौसाताई तेव्हा सतरा वर्षांच्या. ठाण्यासमोर एक नवरा बायकोला मारतोय, डोक्यात दगड घालायला निघालाय, बाई ओरडतेय. ठाण्यातले पोलीस भांडण सोडवायला बाहेर धावले. ते दोघांची समजूत घालण्यात गुंतले, तोवर मागच्या मागं साथीदारांनी ठाण्यातल्या बंदुका आणि काडतुसं उचलून नेली. भांडणारा नवरा खरा नवरा नव्हता. सगळं सोंग होतं. मार मात्र खरा होता. सोंग वाटू नये म्हणून त्या गड्यानं खरोखरचे तडाखे दिले, अशी तक्रार हौसाताई पुढं हसत हसत करायच्या.

मैत्रिणींनो, यातलं एक मला खटकतं आणि त्यातच त्यांची हुशारीही दिसते. नवरा बायकोला रस्त्यात मारतो हे पोलिसांना इतकं रोजचं वाटलं, की यात काही डाव असेल अशी शंकाही आली नाही. बायांच्या नशिबाला आलेलं दुःखच त्यांनी हत्यारासारखं वापरलं.

आणि गोव्याची गोष्ट. १९४४ साल. गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य. चळवळीतले बाळ जोशी तिथं पकडले गेले. त्यांच्याशी संपर्क करायचा होता. हौसाताई बहीण म्हणून तुरुंगात भेटायला गेल्या. चिठ्ठी कुठं लपवली? अंबाड्यात. परतताना रस्त्यावर पाळत होती. मग मध्यरात्री मांडवी नदी पार केली ती एका लाकडी पेटीवर पडून, बाजूनं साथीदार पोहत होते. येडे मच्छिंद्रच्या पोरीनं पाटाचं पाणी बघितलेलं, कृष्णा बघितलेली. पण ही तर समुद्राला मिळणारी नदी, काळोखी रात्र आणि खाली एक पेटी.

हे ऐकलं की वाटतं, अशा बाईला सगळी दुनिया ओळखत असेल. तसं झालं नाही. कितीतरी वर्षं त्या साधेपणानं जगल्या. म्हाताऱ्या झाल्यावर पत्रकार पी. साईनाथ आणि त्यांचे सहकारी त्यांना भेटले, त्यांचं बोलणं ध्वनिचित्रमुद्रित केलं, तेव्हा जगाला त्या जास्त कळल्या. आणि त्यांचं म्हणणं काय होतं? मी काही मोठं केलं नाही, थोडंसं काम केलं.

हे वाक्य तुम्ही कुठं ऐकलंय? आपल्या घरात. आजीला विचारा, आजी, तू काय केलंस आयुष्यात? ती म्हणेल, "आम्ही काय केलं बाई? शेणघाण, भाकरी, पोरं." म्हणून पहिल्या उत्तरावर थांबायचं नसतं.

आता कागदाचं सांगते, कारण आपलं सगळं घोडं कागदावरच अडतं. स्वातंत्र्यसैनिकांसाठी सरकारनं १९७२ साली पेन्शनची योजना आणली आणि १९८० साली ती वाढवली. त्यात अटी होत्या. सहा महिने तुरुंगवास हवा, बायांसाठी तीन महिने. भूमिगत असाल तर सहा महिने भूमिगत होतात हे दाखवा. म्हणजे तुमच्या नावानं वॉरंट निघालेलं हवं, नाहीतर डोक्यावर बक्षीस लागलेलं हवं, नाहीतर अटकेचा हुकूम हवा. कुठल्याही योजनेला पुरावा लागतोच, त्यात वाईट काही नाही. पण जरा विचार करा. ज्या बाईनं रात्री-अपरात्री आलेल्या वीस माणसांना भाकऱ्या थापून दिल्या, गवताच्या गंजीत बंदूक लपवली, पोलीस आले तेव्हा "कोण नाना? मला ठाऊक नाही," म्हणाली, तिच्या नावानं वॉरंट कसं निघणार? तिनं काम इतकं चोख केलं की ती कधी पकडलीच गेली नाही. आणि पकडली गेली नाही म्हणून ती कागदावर आली नाही. इंग्रजांच्या दप्तरात तिचं नाव नाही, हाच तर तिच्या यशाचा पुरावा. पण असा पुरावा कुठल्या कचेरीत चालत नाही.

म्हणून त्या बायांचा इतिहास एकाच ठिकाणी राहिला, त्यांच्या तोंडात. आणि त्या एकेक करून जात राहिल्या. कासेगावच्या इंदूताई पाटणकर २०१७ साली गेल्या. त्यांनी प्रतिसरकारात काम केलं आणि पुढं परित्यक्ता बायांच्या हक्कासाठीही लढल्या. त्यांची सून गेल ऑम्व्हेट. अमेरिकेत जन्मलेली ही बाई कासेगावची झाली आणि इथल्या बायांच्या, दलितांच्या, शेतकऱ्यांच्या चळवळींवर तिनं आयुष्यभर लिहिलं. त्याही २५ ऑगस्ट २०२१ ला गेल्या, आणि महिनाभराच्या आत हौसाताई गेल्या. एका पावसाळ्यात सांगली जिल्ह्यातली दोन मोठी माणसं गेली. पण दोघींचं बरंचसं सांगणं आणि लिहिणं मागं राहिलं, कारण कुणीतरी वेळेवर बसून ऐकलं आणि टिपून ठेवलं होतं.

जात्यावरच्या ओव्यांचंही तसंच. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून बायांच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, आणि कुणी लिहून घेतल्या नसत्या तर त्या ओव्याही जात्याबरोबर गेल्या असत्या. त्यांत सासुरवास आहे, माहेर आहे, भाऊ आहे, आंबेडकर आहेत, दुष्काळ आहे. बायांनी आपला इतिहास पिठाबरोबर दळून ठेवला होता.

मग आपण काय करायचं? मोठं काही नाही. गटातल्या एकीकडं तरी चांगला मोबाईल असतो. त्यात आवाज टिपायची सोय असते. आजी-सासू दुपारी शेंगा फोडत बसली की तो शेजारी ठेवा. तिला आधी विचारा, ठेवू का म्हणून. ती नाही म्हणाली तर नाही. आणि "तुझ्या आयुष्याबद्दल सांग" असं मोघम विचारू नका. बारीक विचारा. तुझी चूल कुठं होती? पाणी कुठनं आणायचीस? लग्नाला किती माणसं होती? पहिला रोजगार किती मिळाला? तुला कुणी नाही म्हटलेलं अजून लक्षात आहे का? हौसाताईंच्या गोष्टीत मीठ, उंबराची फळं आणि ताकारीचं भाडं आहे, म्हणून तर ती गोष्ट आपल्याला डोळ्यांपुढं दिसते.

साल आठवत नसेल तर अडून बसू नका. आपल्या भागात खुणेची सालं खूप आहेत. गांधीजींचा खून झाला आणि गावात वाडे जळाले ते १९४८. कोयनेचा भूकंप झाला ते ११ डिसेंबर १९६७, पहाटेची वेळ. खडी फोडायला गेलो तो दुष्काळ १९७२ चा. "भूकंपाच्या आधी की नंतर? दुष्काळात थोरला केवढा होता? पाळण्यात की चालत होता?" असं विचारलं की साल आपोआप सापडतं. इतिहास लिहिणारेही असाच मेळ घालतात.

आणि एक करा. ती चांगलं सांगेल तसं वाईटही सांगेल. कुणी छळलं, कुणी जमीन बळकावली, ती स्वतः सुनेशी कशी वागली, हेही येईल. ऐकून घ्या. पण घरातल्या गोष्टी घरातच ठेवायच्या की बाहेर सांगायच्या, ते तिचं तिला ठरवू द्या.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदपत्रांवर आपल्या राज्यात आईचं नाव लावलं जातं. आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. आईचं नाव कागदावर यायला एवढा काळ गेला. आजीच्या नावासाठी कुठला रकाना नाही. तो रकाना आपल्यालाच आखायचा आहे, वहीच्या मागच्या पानावर का होईना.

हौसाताई नव्वदीच्या पुढं गेल्या तरी गप्प बसल्या नव्हत्या. २०१८ साली देशभरातले शेतकरी दिल्लीला मोर्चा घेऊन निघाले, तेव्हा या आजीनं घरूनच त्यांना पाठिंब्याचा निरोप पाठवला होता. एका खोलीत कोंडलेल्या घरातली ती पोर. जिनं तिला उंबराचं कालवण खाऊ घालून वाढवलं, त्या आजीचा फोटो आपल्या कुणाच्या भिंतीवर नाही. पण आज तुम्ही तिची गोष्ट ऐकलीत.

आता घरी जाल. आजी असेल तर तिच्याजवळ बसा. नसेल, तर तिला ओळखणारं जे कुणी म्हातारं माणूस राहिलं असेल, आत्या, मावशी, शेजारीण, त्यांच्याकडं जा. निदान तिचं माहेरचं नाव तेवढं विचारून या. पुढच्या बैठकीत हजेरी घेताना प्रत्येकीनं आपल्या नावाबरोबर आपल्या आजीचंही नाव सांगायचं. बघू या, किती नावं जमतात.